जुन्या शहराच्या गाभ्यात माणसांसाठी घरं: पुनर्विकासाचा आराखडा नेमका कुठे चुकतो?

आराखडेकर

पुनर्विकासाचा विषय निघाला की चर्चा दोनच गोष्टींवर अडकते: मजले किती आणि इमारत बाहेरून दिसणार कशी. राहणाऱ्याचं सुखदुःख मात्र त्याच्या बरंच आधी ठरून गेलेलं असतं. इमारतीची जाडी किती, एका जिन्यावर किती घरं, तळमजल्यावर काय, गाड्या कुठे, आणि जुनी माणसं कोणत्या क्रमाने हलणार, यावर. या धाग्यात त्याबद्दलच बोलू.

हवेत बोलायला नको म्हणून एक भूखंड गृहीत धरते. १०० × ८० मी, म्हणजे ८,००० चौ.मी. चारही बाजूंनी रस्ते, त्यातला एक वाहता आणि गोंगाटाचा. सध्या त्यावर सहा जुन्या इमारती, प्रत्येकीत २५ अशी १५० कुटुंबं, आणि साधारण ३० टक्के जागेवर बंद पडलेली गोदामं. आजूबाजूची वस्ती चार-पाच मजली.

कडेकडेने १२ मी जाडीची इमारत फिरवली आणि मधे चौक ठेवला, तर चौक ७६ × ५६ मीचा निघतो. आत जायला ६-६ मीच्या दोन फटी सोडल्या की जमिनीवरचं बांधकाम ३,६०० चौ.मी., म्हणजे भूखंडाच्या ४५ टक्के. पाच मजल्यांना १८,००० चौ.मी., एफएसआय (एकूण बांधकाम भागिले भूखंड) २.२५. तळमजल्यातले १,२०० चौ.मी. दुकानं, सायकली, कचरा आणि प्रवेशद्वारांसाठी काढा. उरलेल्या १६,८०० पैकी भिंती, जिने, लिफ्ट वजा जाता ८० टक्के घरांच्या आत येतं असं धरलं तर १३,४४० चौ.मी. सरासरी ६५ चौ.मी.चं घर धरून २०६ घरं. हेक्टरी सुमारे २५८, आणि तेही पाच मजल्यांत.

आता यावर तुटून पडा.

हिशेबी

आकडेमोड बरोबर आहे, पण हेच १८,००० चौ.मी. ६०० चौ.मी.च्या मजल्याचे ३० मजले रचूनही होतात आणि जमीन फक्त साडेसात टक्के व्यापते. मग मोकळी जागा जास्त मिळते की.

आराखडेकर

कागदावर मिळते. पण ३० मजल्यांना लिफ्ट वाढतात, जिने आगीपासून संरक्षित करावे लागतात, पाणी चढवायला मधे टाक्या आणि पंप लागतात, वाऱ्यासाठी भिंती जाड होतात. परिणामी ८० टक्क्यांची कार्यक्षमता ७०च्या आसपास घसरते आणि तीच घरं बसवायला आणखी मजले चढवावे लागतात. खालची मोकळी जागा कुणाच्याच खिडकीखाली नसते, तिच्याकडे कुणाचं दारही उघडत नाही. शिवाय उंच इमारतीवर आदळलेला वारा खाली वळतो आणि नेमका प्रवेशद्वाराशी जोर धरतो.

घनता आणि उंची या वेगळ्या गोष्टी आहेत, हे लेस्ली मार्टिन आणि लायनेल मार्च या वास्तुअभ्यासकांनी केंब्रिजमध्ये भूमितीने मांडून दाखवलं त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली. व्हिएन्नाचा कार्ल-मार्क्स-होफ (१९२७ ते १९३०, वास्तुकार कार्ल एन) किलोमीटरहून लांब आहे, त्यात १,३८२ घरं होती, आणि भूखंडाचा जेमतेम १८ टक्के भाग बांधलेला. बाकी सगळे चौक.

उंच इमारत वाईटच असं मी म्हणत नाही. पण "जमीन मोकळी राहील" हे तिचं कारण होऊ शकत नाही.

कवडसा

१२ मीचा आकडा महत्त्वाचा आहे, त्यावर थोडं थांबायला हवं. खिडकीतून येणारा उजेड ढोबळमानाने खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दोन-अडीच पट आत पोचतो. वरची कड २.४ मीवर असेल तर ५ ते ६ मी. दोन्ही बाजूंनी खिडक्या असतील तर १२ मी जाडीत सगळं घर उजेडात येतं, शिवाय आरपार वारा खेळतो. जाडी १८-२० मीवर नेली की मधोमध अंधारा पॅसेज, त्याच्या दोन्ही हातांना एकाच बाजूने उघडणारी घरं, आणि बाथरूम, स्वयंपाकघर पोटात ढकललेलं. नकाशावर अशी योजना फार "कार्यक्षम" दिसते. राहणारा पुढची पन्नास वर्षं दिवसा दिवे लावतो.

पण आराखडेकरताई, तुमच्या आराखड्याची बाहेरची बाजू तपासा. प्राथमिक चाचणी सोपी आहे: सर्वांत खालच्या खिडकीच्या मध्यातून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंतचा कोन २५ अंशांच्या आत असला तर उजेडाची काळजी नको. पाच मजले म्हणजे १६.५ मी, खिडकीचा मध्य १.५ मीवर, फरक १५ मी. चौकाकडून ५६ मी अंतर आहे, म्हणजे कोन १५ अंश, उत्तम. रस्त्याकडून समोरही तेवढीच उंच इमारत १४ मीवर असेल तर कोन ४७ अंश! तिथे खालच्या दोन मजल्यांवर रस्त्याकडच्या खोल्या मंदच राहणार.

आराखडेकर

मान्य. म्हणून बसायची खोली चौकाकडे, रस्त्याकडे स्वयंपाकघर आणि झोपायची एक खोली, तळमजल्याला जास्त उंची, आणि अरुंद रस्त्यांवर पाचवा मजला २ मी मागे. मागे घेतल्याने १५-२० घरांतून थोडं थोडं क्षेत्र जातं, ते आधीच हिशेबात धरावं.

रस्ता अरुंद असणं हा मात्र दोष नाही. इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या गोल्डस्मिथ स्ट्रीटवर (२०१९चं स्टर्लिंग हे ब्रिटनचं वास्तुकला पारितोषिक, वास्तुकार मिखाइल रिचेस आणि कॅथी हॉली) ओळींमधलं अंतर १४ मीच आहे. तिथल्या नेहमीच्या नियमाने ते २१ मी हवं होतं. त्यांनी छपराचा उतार जेमतेम १५ अंशांचा ठेवून समोरच्या घराचा सूर्य वाचवला आणि खिडक्या एकमेकींच्या समोर येऊ दिल्या नाहीत. नियमातलं अंतर तोडायचं तर असा काहीतरी मोबदला दाखवावा लागतो.

तुळई

चौकाकार इमारतीत हमखास चुकते ती आतल्या कोपऱ्याची जागा. दोन १२ मीच्या भुजा भेटतात तिथे १२ × १२ मीचा चौरस तयार होतो आणि त्याला चौकाकडे फक्त एक टोक मिळतं. तिथे नेहमीचं घर कोंबलं की दोन खोल्या अंधारात जातात आणि काटकोनातल्या दोन खिडक्या एकमेकींत डोकावतात. तिथे जिना आणि लिफ्ट घाला, उरलेल्या बाहेरच्या कोपऱ्यात मोठं घर द्या. आतल्या कोपऱ्यापासून पहिल्या ३ मीत झोपायच्या खोलीची खिडकी नको.

दुसरं, कॉलमचं अंतर. तळघरात गाड्या आल्या की ८ मीच्या आसपासचा खण येतो आणि वरची घरं मुकाट त्याच मापात कापली जातात. आधी घराची रुंदी ठरवा, मग कॉलम. गाड्यांचे खण घराच्या खणांवर बसत नसतील तर मधे वरच्या कॉलमचा भार खालच्या कॉलमवर वळवणारा जाड ट्रान्स्फर स्लॅब टाकावा लागतो, आणि त्याच्या पैशात बऱ्याच गॅलऱ्या होतात.

हिशेबी

गाड्यांवरून आठवलं. २०६ घरं, घरटी एक गाडी, येण्याजाण्याच्या वाटेसकट प्रत्येकी २५ ते ३० चौ.मी. म्हणजे ५,१५० ते ६,१८० चौ.मी. तुमचा चौकच ४,२५६ चौ.मी.चा आहे. अख्खा चौक आणि वर इमारतीखालचा भाग खणून काढावा लागेल.

मुळाक्षरे

आणि तिथेच झाडांचा निकाल लागतो. तळघराच्या छतावर "हिरवा चौक" दाखवायचा असेल तर भाराचा हिशेब पहिल्या दिवशी द्या. भिजलेली माती घनमीटरला १.८ ते २ टन. मध्यम झाडाला किमान १ मी खोली आणि २० घनमीटर माती लागते, म्हणजे दर चौरस मीटरला जवळपास २ टन, वर माणसं, आणि अग्निशमन गाडी आत येणार असेल तर तिची चाकं. झुडपांना ४५० ते ६०० मिमी, गवताला २००-३०० मिमी पुरते. स्लॅब गवताच्या हिशेबाने ओतला आणि चित्रात वडाएवढी झाडं काढली, असं सर्रास होतं. मग शेवटी कुंड्या येतात.

थर खालून वर असे: उतार दिलेला स्लॅब (किमान १:८०), जलरोधक थर, मुळं अडवणारा पडदा, पाणी वाहून नेणारा कप्पेदार थर, गाळणी कापड, मग माती. माती टाकायच्या आधी ४८ तास पाणी तुंबवून चाचणी. नंतर गळती निघाली तर सगळी बाग उचलावी लागते, आणि गळणारी जागा कधीच डागाच्या बरोबर वर नसते.

यावर सरळ उपाय म्हणजे चौकाच्या मधल्या किमान १५ × २० मी भागाखाली तळघर नकोच. खरी जमीन ठेवा. मोठी झाडं तिथे वाढतात, पावसाचं पाणीही तिथे मुरतं. जुन्या औद्योगिक जागेत माती दूषित असू शकते, तेव्हा मुरवण्याआधी तपासणी हवीच. गोदामांखाली तेल, जड धातू काहीही निघतं.

आराखडेकर

गाड्यांबाबत माझं मत स्पष्ट आहे. शहराच्या गाभ्यात घरटी गाडीचं प्रमाण धरून इमारत बांधायचीच नाही. ०.२५ ते ०.३ म्हणजे ५०-६० जागा, त्याही एका भुजेखाली किंवा भूखंडाच्या कडेला वेगळ्या. जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या फाउबान वस्तीत बहुतेक गाड्या कडेच्या सामायिक इमारतींत ठेवल्या आहेत. घरापासून गाडी आणि बसथांबा साधारण सारख्याच अंतरावर आले की माणूस निदान विचार तरी करतो. अपंगांसाठीच्या जागा मात्र दाराशी, यात तडजोड नाही.

हिशेबी

पटलं नाही पूर्ण. ज्यांचा धंदाच टेम्पोवर आहे त्यांचं काय? जुन्या गाभ्यात अशी कुटुंबं बरीच असतात. ०.३ हा आकडा सुखवस्तू माणसाच्या सायकलप्रेमातून आलेला वाटतो.

दारोदार

हिशेबींचा मुद्दा खरा आहे, म्हणूनच घरोघरची पाहणी लागते. पण पाहणी म्हणजे "तुम्हाला काय हवं?" हा प्रश्न नव्हे. त्याला उत्तर एकच येतं, मोठं घर. त्याऐवजी नोंदायचं असं: घरात किती माणसं, कोण कोणत्या वेळी झोपतं, घरात कामधंदा चालतो का, त्याचा कच्चा माल किती जागा घेतो, वाहन कोणतं आणि रात्री कुठे उभं असतं, जिना न चढू शकणारं कोण आहे, शेजारी कोण असल्यामुळे मूल सांभाळलं जातं. शेवटचा प्रश्न लोक विसरतात. दोन कुटुंबं एकमेकींवर टेकलेली असतात आणि नव्या इमारतीत सोडतीने त्यांची ताटातूट होते.

मग नकाशाचं वाचन. साध्या माणसाला १:१०० चा नकाशा कळत नाही आणि ते तो सभेत कबूल करत नाही. एखाद्या रिकाम्या गोदामात जमिनीवर चिकटपट्टीने एक घर खऱ्या मापाचं आखा, पुठ्ठ्याच्या भिंती उभ्या करा, पलंग आणि कपाट ठेवा. दार उघडल्यावर कपाटाला आपटतं हे तिथे पाच मिनिटांत कळतं.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या बायकर वस्तीत वास्तुकार राल्फ अर्स्किन यांनी आपलं कार्यालयच वस्तीत उघडलं होतं. तिथली लांब भिंतीसारखी इमारत उत्तरेकडच्या रहदारीच्या आवाजाला पाठ करून उभी आहे, त्या बाजूला लहान खिडक्या आणि दुय्यम खोल्या, दक्षिणेकडे गॅलऱ्या. इमारत नावाजली गेली, पण पाडापाडी आणि बांधकाम लांबत गेलं तसे जुने रहिवासी मोठ्या संख्येने कायमचे दुसरीकडे गेले. एवढं सगळं विचारूनसुद्धा. तेव्हा नुसत्या सभा घेऊन भागत नाही, हलवण्याचा क्रम आराखड्यातच असावा लागतो.

आराखडेकर

क्रम मांडते. तत्त्व एकच: प्रत्येक कुटुंब एकदाच हलेल, थेट नव्या घरात.

गोदामांच्या ३० टक्के जागेवर पहिल्या टप्प्यात ६० घरं. त्यांत दोन जुन्या इमारतींतली ५० कुटुंबं येतात, १० घरं शिल्लक. त्या दोन इमारती पाडून मिळालेल्या जागेवर ४८ घरं, शिलकीतली धरून ५८, पुन्हा दोन इमारती रिकाम्या, ८ शिल्लक. तिसऱ्या टप्प्यात पुन्हा ४८, शेवटची ५० कुटुंबं आत, ६ शिल्लक. चौथ्या टप्प्यातली ५० आणि या ६ मिळून ५६ घरं नव्या लोकांसाठी. बेरीज २०६.

शिलकीची १०-८-६ घरं चैनीसाठी नाहीत. कुटुंबं विभागतात, कुणी आजारी पडून तळमजला मागतं, एखाद्या घरात गळती निघते. शिल्लक शून्य ठेवली की एका कुटुंबासाठी अख्खा टप्पा अडतो.

दारोदार

यात एक छुपी चूक होते. घरांच्या आकारांचं प्रमाण अख्ख्या वस्तीच्या सरासरीवरून काढतात आणि तेच प्रत्येक टप्प्याला लावतात. पहिल्या दोन इमारतींत समजा मोठी कुटुंबं जास्त असतील, तर पहिल्या ६० घरांत तीन खोल्यांची घरं कमी पडतात आणि एका खोलीची रिकामी राहतात. पहिल्या टप्प्यातली घरं पहिल्यांदा हलणाऱ्यांच्या मापाचीच हवीत. आणि हलवायचं ते अख्खी इमारत एकदम. सहाही इमारतींतून थोडी थोडी माणसं उचलली की एकही इमारत रिकामी होत नाही.

पाणीवाटे

आणि कृपा करून वीज उपकेंद्र, पाण्याची मुख्य टाकी, पंप आणि सांडपाण्याची मुख्य जोडणी पहिल्या टप्प्यात घ्या. ही यंत्रणा चौथ्या टप्प्याच्या पोटात टाकली तर पहिली ६० कुटुंबं वर्षानुवर्षं तात्पुरत्या जोडणीवर राहतात. प्रत्येक टप्प्याचा वेगळा नकाशा काढा: त्या दिवशी अग्निशमन गाडी कुठून येणार, कचरा कुठून जाणार, मुलं शाळेला कोणत्या बाजूने बाहेर पडणार, पत्र्याचं कुंपण कुणाच्या खिडकीसमोर येतं. पाया घालताना ठोकून बसवायचे पाइल (पायाचे खोल खांब) नकोत, शेजारी माणसं राहत आहेत. खोदून ओतलेले घ्या.

हिशेबी

चार टप्पे, प्रत्येकी दीड-दोन वर्षं, म्हणजे सहा ते आठ वर्षं धूळ. सगळं एकदम रिकामं करून तीन वर्षांत उरकलं तर स्वस्त नाही का पडणार?

आराखडेकर

बांधकाम स्वस्त पडतं. तात्पुरत्या घरांचं भाडं, दोन वेळा सामान हलवणं, शाळा आणि धंदा तुटणं हे ठेकेदाराच्या हिशेबात येतच नाही, राहणाऱ्याच्या येतं. आणि तीन वर्षांनी काम अडलं तर माणसं अधांतरी. टप्प्यांत काम अडलं तर निदान अर्धी घरं पाडलेलीच नसतात.

तुळई

माझा मूळ आक्षेप अजून बाकी आहे. सहाही इमारती पाडायच्याच कशाला? आधी तपासा तरी. काँक्रीटची इमारत असेल तर ताज्या फोडलेल्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण फवारा. गुलाबी झालं तर काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे, सळ्या सुरक्षित. रंग आला नाही तर तेवढ्या खोलीपर्यंत कार्बोनेशन पोचलंय, म्हणजे हवेमुळे काँक्रीटचा अल्कधर्मीपणा गेलाय. ही खोली सळईवरच्या आवरणापेक्षा कमी असेल तर दुरुस्ती परवडू शकते. जास्त असेल, वर क्षारांचं प्रमाणही वाढलेलं असेल, तर गंज आतून चालू आहे, नुसतं प्लास्टर करून भागत नाही. नमुने गच्चीखालून, बाथरूमखालून आणि तळमजल्याच्या कॉलमच्या बुडाशी घ्या. सगळे नमुने कोरड्या खोलीतून घेतले तर अहवाल हवा तसा गोड येतो.

सांगाडा ठीक असेल तर फ्रान्समधल्या बोर्दोची ग्रां पार्क वस्ती बघा. लाकातों आणि व्हासाल या वास्तुकारांनी फ्रेदेरिक द्रुओ आणि क्रिस्तोफ ह्यूतां यांच्याबरोबर १९६०च्या दशकातल्या तीन इमारतींतली ५३० घरं पाडली नाहीत. बाहेरून ३.८ मी खोलीचे काचबंद सज्जे आणि गॅलरी तयार सांगाड्यांनी जोडली, जुन्या खिडक्यांच्या जागी सरकती दारं दिली. माणसं आत राहत असताना, दर घरात साधारण दोन आठवड्यांचं काम. २०१९ मध्ये मिस व्हान डेर रोहे हे युरोपचं वास्तुकला पारितोषिक मिळालं ते उगाच नाही.

तांत्रिक मेख अशी की नवा सज्जा जुन्या स्लॅबवर लटकवायचा नाही. त्याला स्वतःचे कॉलम, स्वतःचा पाया, जुन्या इमारतीला फक्त आडवा आधार. नवा पाया थोडा बसतो, जुना बसून झालेला असतो. सांधा कडक केला की तिथेच चीर आणि पाणी.

पाणीवाटे

आणि बाहेरून उष्णतारोधक आवरण लावणार असाल तर न जळणारं. २०१७ मध्ये लंडनच्या २४ मजली ग्रेनफेल टॉवरच्या आगीत ७२ माणसं गेली. नूतनीकरणात लावलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांच्या पोटात पॉलिथिलीन होतं. आवरण आणि भिंत यांमधल्या पोकळीत दर मजल्याला आग अडवणाऱ्या पट्ट्या हव्यात, खिडकीच्या चौकटीभोवतीसुद्धा. नकाशात त्या असतात, जागेवर अपुऱ्या किंवा उलट्या बसवलेल्या सापडतात. आवरण चढवण्याआधी प्रत्येक मजल्याचे फोटो घेऊन ठेवायची अट निविदेतच घाला.

आराखडेकर

तुळई, मान्य. सहापैकी दोन इमारती टिकल्या तर आराखडा त्यांच्याभोवती वळवायचा, माझी भूमिती गेली तरी चालेल. बर्लिनच्या क्रॉइत्सबर्गमध्ये वास्तुकार हार्ट-वाल्टर हेमर यांनी १९८०च्या दशकात हेच केलं, राहणाऱ्यांसकट इमारती दुरुस्त करत नेल्या.

हिशेबी

जिन्यांचा हिशेब राहिला. १२ मी जाडीत एका जिन्यावर दोन-तीन घरं म्हणजे दर २० मीला एक जिना. मधल्या रेषेवर ३०० मी लांबी, म्हणजे १५ जिने, १५ लिफ्ट. चौदा घरांमागे एक लिफ्ट. देखभाल कोण भरणार? अमेरिकेतल्या सेंट लुइसची प्रुइट-आयगो ही सरकारी वस्ती आठवा. ११ मजल्यांच्या ३३ इमारती, लिफ्ट फक्त पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मजल्यावर थांबायच्या. देखभाल भाड्याच्या पैशांतून व्हायची, घरं रिकामी होत गेली तसा पैसा आटला. १९५०च्या दशकात बांधलेली, १९७२ पासून पाडायला घेतली.

आराखडेकर

रास्त प्रश्न आहे. गोंगाटाच्या रस्त्याकडच्या १०० मी भुजेला पाच जिने-पाच लिफ्टऐवजी प्रत्येक मजल्यावर सगळ्या घरांच्या दारांपुढून जाणारी गॅलरी द्यायची: दोन जिने, दोन लिफ्ट, आणि रस्त्याकडून आवाजाला आडोसा. गॅलरीकडे स्वयंपाकघर, बाथरूम. झोपायच्या खोल्या चौकाकडे. झोपायची खोली गॅलरीवर उघडली की पडदा कायमचा बंद राहतो, आणि गॅलरीवर कुणाचं लक्ष राहत नाही.

गॅलरी चालायला मोकळी १.५ मी रुंद, शिवाय भिंतीलगत अर्धा मीटरचा पट्टा जो चालायचा नाही, बसायचा आणि कुंड्यांचा. हा पट्टा नसला की येणारा-जाणारा खिडकीला खांदा घासून जातो. एका लिफ्टचा पाळणा १.१ × २.१ मी तरी हवा, आडवं स्ट्रेचर मावलं पाहिजे.

पाणीवाटे

गॅलरीच्या दाराशी एक कायमचं भांडण असतं. जलरोधक थर बाहेरच्या पातळीपासून १५० मिमी वर चढवावा असा दंडक. चाकाच्या खुर्चीसाठी उंबरठा १५ मिमीपेक्षा उंच नको. दोन्ही एकदम जमत नाही. तोडगा: दारासमोर जाळीची सरळ पन्हळ, गॅलरीला बाहेरच्या बाजूला उतार, वर छप्पर, आणि थराचा चढ चौकटीच्या मागून नेणं. पन्हळ स्वच्छ करता यावी म्हणून जाळी उचलता येणारी. पन्हळ तुंबली की पाणी थेट घरात, म्हणून देखभालीच्या यादीत तिचं नाव लिहा.

कवडसा

आवाजाचं कुणी अजून बोललं नाही. रहदारीच्या आवाजासाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ची शिफारस दिवस-रात्रीच्या भारित सरासरीला ५३ डेसिबल, रात्रीला ४५. गाभ्यातला वाहता रस्ता हे सहज ओलांडतो, म्हणून प्रत्येक घराला एक शांत बाजू हवी. खिडकी बंद ठेवून शांतता आणि उघडून हवा, असं दोन्हींतून एक निवडायला लावू नये.

शेजाऱ्यांचा आवाज वेगळा. नुसता १५० मिमी स्लॅब बोलणं अडवतो, पावलं नाही. स्लॅबवर ५-१० मिमीचा लवचीक थर, त्यावर ६५ मिमीचा तरंगता कोबा, आणि भिंतीलगत चहूबाजूंनी त्याच जातीची पट्टी वर आणलेली. कोबा एका ठिकाणी जरी भिंतीला किंवा पाइपला टेकला तरी सगळा खर्च पाण्यात. फरशी बसवणारे ही पट्टी हमखास आधी कापून टाकतात. फरशी आणि स्कर्टिंग झाल्यावर कापायची. पहिल्या दोन-तीन घरांत चाचणी झाल्याशिवाय पुढच्या घरांचा कोबा टाकू देऊ नका. लिफ्टच्या भिंतीला झोपायची खोली चिकटवू नका, मधे कपाटं किंवा बाथरूम.

दारोदार

तळमजल्याचं काय?

आराखडेकर

सगळीकडे दुकानं हा सोपा मोह. चारी बाजूंना गाळे काढले की अर्ध्यांची शटरं कायम खाली राहतात आणि बंद शटरांचा रस्ता कोऱ्या भिंतीपेक्षा वाईट. कोपरे आणि वाहता रस्ता एवढ्यावरच गाळे: ५-६ मी रुंद, ४ ते ४.५ मी उंच, आणि निदान दोन-तीन गाळ्यांना गच्चीपर्यंत जाणारा धुराचा वेगळा डक्ट. डक्ट आधी ठेवला नाही तर तिथे खाणावळ कधीच निघू शकत नाही, आणि नंतर तो बाहेरून चौकातल्या खिडक्यांशेजारून चढतो.

बाकी कडेला घरं, थेट रस्त्यावर स्वतःचं दार. पदपथ आणि खिडकी यांत १.५ ते २ मीचा पट्टा, कठडा कमरेएवढा. जमीन ४५०-६०० मिमी उचलली तर आत डोकावता येत नाही, पण चाकाची खुर्ची अडते. म्हणून रस्त्याकडून तीन पायऱ्या आणि चौकाकडून सपाट प्रवेश. त्यासाठी चौकाची पातळी तेवढी वर हवी आणि फटींतून रॅम्प १:२० चा. हे पहिल्याच छेदात (इमारत उभी कापून दाखवणाऱ्या नकाशात) बसवावं लागतं, मागाहून जमत नाही.

व्हिएन्नाच्या फ्राउएन-वेर्क-श्टाट या ३५७ घरांच्या वस्तीत (१९९०चं दशक, आराखडा फ्रांझिस्का उलमान यांचा) जिने रुंद आणि उजेडाचे ठेवले, बाळगाड्यांसाठी मजल्यावरच जागा ठेवली. मुलं सांभाळणारं माणूस दिवसातून कितीदा वर-खाली करतं, याचा विचार करून काढलेले नकाशे आहेत ते.

हिशेबी

कचरा. घरटी आठवड्याला १५० लिटर धरले तर ३०,९०० लिटर, म्हणजे ११०० लिटरच्या साधारण २८ पेट्या. दोनदा उचलला तर १४. वर्गीकरण करायचं तर आणखी काही. कुठे ठेवणार?

पाणीवाटे

तीन खोल्या, तिन्ही रस्त्याकडे उघडणाऱ्या. कुठल्याही घराच्या जिन्यापासून ३० मीच्या आत, गाडीपर्यंत ओढायला १० मीपेक्षा कमी. दार मोकळं १.५ मी रुंद, आत नळ, उतार आणि जाळी, भिंतीला पेट्या आदळतात तिथे आडवी फळी. पेटीला वळायला जागा धरून प्रत्येकी ३ चौ.मी. मोजा. झोपायच्या खोलीखाली ही खोली नको: पहाटे पेट्यांची चाकं फरशीवर खडखडतात. जुन्या पद्धतीचा मजल्यावरून कचरा टाकायचा उभा नळ नकोच, तो तुंबतो, आणि आग लागली तर धुरांडं होतो.

मुळाक्षरे

चौकाबद्दल एक. ७६ × ५६ मीचा चौक "सगळ्यांचा" ठेवला तर कुणाचाच होत नाही. तळमजल्याच्या घरांपुढे ३ मी खाजगी अंगण, मग लहान मुलांची जागा जिन्यांच्या दारांजवळ, आणि चेंडूची जागा मधे किंवा फटींपाशी, खिडक्यांपासून दूर. माणसाचा चेहरा २०-२५ मीपर्यंत ओळखू येतो, म्हणून मोठा चौक तेवढ्या मापाच्या दोन-तीन भागांत झाडांनी तोडा, भिंतींनी नको. फटींना रात्री फाटक लावायचं की नाही हे राहणाऱ्यांनी ठरवावं, पण फाटकाच्या चौकटीची आणि वायरची तरतूद आधीच ठेवा.

दारोदार

विकायच्या ५६ घरांना वेगळं चकचकीत दार आणि जुन्या रहिवाशांना मागचं, हे कसं टाळणार? देखभालखर्च वेगळा म्हणून दार वेगळं, असं सांगतात.

आराखडेकर

वर मांडलेल्या क्रमातूनच ते टळतं. शिलकीची घरं पहिल्या तीन टप्प्यांत विखुरलेली ठेवायची आणि चौथ्या टप्प्यातली काही जुन्यांच्या बदल्यांसाठी खुली. खर्च वेगळा पडतो तो महागड्या लॉबीमुळे, व्यायामशाळेमुळे. त्या काढून टाका. लिफ्ट एकाच बनावटीच्या, दिवे जिन्यावरून हात पोचेल असे, गॅलरीच्या कठड्याला रंग द्यावा लागणार नाही असं गॅल्व्हनाइज्ड (जस्त चढवलेलं) लोखंड. मग सगळ्या जिन्यांचा खर्च सारखा येतो आणि वेगळ्या दाराचं कारणच उरत नाही.

तुळई

कठड्याच्या उभ्या सळयांमधलं अंतर १०० मिमीच्या आत, आणि आडवी पट्टी खालून ६०० मिमीपर्यंत नको, मुलं तिच्यावर पाय देऊन चढतात. गॅल्व्हनाइझिंग सगळं वेल्डिंग झाल्यावर. जागेवर वेल्डिंग केलं की तिथूनच दोन पावसाळ्यांत गंज ओघळतो.

हिशेबी

गाड्यांवर अजून पटलेलं नाही, पण टेम्पोवाल्यांसाठी कडेच्या भुजेखाली ३ मी उंचीचे दहा-बारा खण ठेवणार असाल तर ०.३ वर सही करतो.

आराखडेकर

३ मी नको, ३.३ ठेवू. तुळईखाली पाइप जातात.